नाकारलेल्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आले बाई एकदाची सोलापुरात! टेंभुर्णीच्या स्टँडवर अव्वा सोडायला आली होती. आमच्या घरात आई म्हणत नाहीत, अव्वा म्हणतात. गाडी हलेपर्यंत खिडकीला धरून उभी आणि सारखं तेच, पोटाला खात जा. रोज काय खाल्लंस, कोण कोण भेटलं ते लिहून ठेव, गावाकडं आलीस की वाचून दाखव. तिला वाचता येत नाही आणि मी सोडून तिला दुसरं कुणी नाही, म्हणून ही वही घेतली. नाहीतर मी कुठली लिहिणार! शाळेतले निबंधसुद्धा शेजारणीचे बघून लिहिलेत मी.

तर अव्वा, ऐक. खोली झकास आहे. घरमालकीण अक्कम्मा काकूंना नवरा नाही, दोन जुळ्या मुली आहेत. तोंडावरून कोण कुठली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. धनलक्ष्मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते आणि तोंड उघडत नाही. राजेश्वरी पाच मिनिटांनी धाकटी आणि तिचं तोंड मिटत नाही. मला स्कूटी येत नाही कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला. उद्यापासून शिकवणार आहे म्हणे.

ऑफिस विजापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर. महेश्वर सर, मी आणि एक एसी, जो चालत नाही. खाली शंकरप्पाची चहाची टपरी. आलं असं ठेचून घालतो की नाक मोकळं होतं. त्यानं आधी कानडीत विचारलं कुठल्या गावची, मग मराठीत विचारलं कुणाची. आता मला 'टेंभुर्णी' म्हणून हाक मारतो.

जेवण: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. पोट भरलं, अव्वा.

५ नोव्हेंबर, बुधवार

काम कळलं. आपल्या समाजाची एक जुनी संस्था आहे, तिच्याकडं कुळवही असते. जिल्ह्यातल्या घराघरांतली माणसं तिच्यात लिहिलेली, आजोबा-पणजोबांपासून. अशा सात जाडजूड वह्या. त्यातली एक्केचाळीस हजार नावं सरांनी माणसं बसवून कॉम्प्युटरवर चढवून घेतलीत. माझं काम ती नीट करण्याचं. म्हणजे कॉम्प्युटरला नियम घालून द्यायचे: अशी-अशी माहिती असेल तरच नोंद आत घे, नाहीतर घेऊ नको. दाराशी माणूस बसवल्यासारखं. तीस तारखेला, रविवारी उद्घाटन आहे. तोवर सगळं चकाचक पाहिजे, असं सर म्हणाले.

वह्या सांभाळतात मल्लप्पा काका. चाळीस वर्षं हातानं नोंदी केल्यात. आज ते पाचवी वही घेऊन आले, आधी तिला हळदकुंकू लावलं, मग उघडली. आत काय गोंधळ! कुणाच्या जन्मतारखेच्या जागी 'बेंदराच्या आगेमागे', कुणाच्या 'दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी'. जिथं तारीख आहे तिथं एक जून. गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट एक जून लावलेली. निम्मा जिल्हा एकाच दिवशी जन्मलाय, मी हसून हसून बेजार.

काका हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की कुळवहीतलं नाव कधी खोडायचं नसतं. माणूस गेलं तर नावापुढं 'लिंगैक्य' लिहायचं, चुकलं तर शेजारी दुसरं लिहायचं, पण पहिलं तसंच ठेवायचं. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांच्या गुरूंनी तसं शिकवलं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिला नियम लावला. जन्मतारीख नसेल तर नोंद बाद. तपासणी रोज दुपारी बाराला आपोआप चालते, बाद झालेल्या नोंदी 'नाकारलेल्या' अशा वेगळ्या यादीत जातात आणि ती यादी तेव्हाच रिकामी होते. बाराशे सोळा नावं गेली. सर खूश. मीही, खोटं कशाला बोलू! पसारा आवरलेल्या खोलीत बसल्यासारखं वाटलं.

राजेश्वरीनं आज स्कूटीवरून सात रस्त्यापर्यंत नेलं, येताना मला चालवायला दिली. मी एका म्हशीला जवळजवळ धडकले. ती रस्त्यात बसून हसली. म्हैस नाही, राजेश्वरी.

संध्याकाळी सातला अव्वाचा फोन. उजनीचं पाणी मागं सरकलंय, केळीच्या गाड्या भरायचं काम रोज आहे, असं म्हणाली. गुडघा दुखतोय हे लपवलं, पण मला कळतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काम संथ. चहाला चौकापर्यंत चालत जावं लागतं, ऊन मी म्हणतंय आणि चहा नुसता गोड पाणी. एवढी वर्दळ असून ऑफिसखाली एखादी टपरी कशी कुणी टाकली नाही, देव जाणे. मोक्याची जागा मोकळी पडलीये. खाली फरशीवर गोल काळा डाग मात्र आहे, शेगडी ठेवल्यासारखा.

मल्लप्पा काका आज आलेच नाहीत. सर म्हणाले, म्हातारं जरा भ्रमिष्टासारखं करतंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजचा नियम माझ्या डोक्यातला, म्हणून सरांनी पाठ थोपटली. एका आईच्या दोन मुलांत निदान नऊ महिन्यांचं अंतर पाहिजे, नसेल तर नंतरची नोंद बाद. खूप जणांची नावं दोनदा चढवली गेलीत, ती याच्यात सापडतील असा हिशोब. बाराला तपासणी झाली. सातशे चाळीस गेली.

जेवण: वांग्याचं भरीत, भाकरी. अक्कम्मा काकूंच्या हाताला चव आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काकूंचं काही कळत नाही. त्या, धनलक्ष्मी आणि मी, तिघींपुरत्या भाकरी लागतात, पण त्या परवापासून दोन जास्त थापतात. ताटं मांडतात चार. मग चौथ्या ताटाकडं बघत बसतात आणि उचलून ठेवतात. मी विचारलं तर म्हणाल्या, हाताला सवय लागलीये, कशाची ते आठवंना. धनलक्ष्मी रडून सुजलेल्या डोळ्यांनी अभ्यास करत होती. तिलाही कारण माहीत नाही, दोन दिवस नुसतं भरून येतंय म्हणाली. एकुलत्या एक मुली हळव्याच असतात, मी काय वेगळी आहे?

स्कूटीवरून ऑफिसला गेले. बरं चालवते की मी. कधी शिकले कोण जाणे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रविवारी गावाकडं जायचं म्हणून अव्वाला काय वाचून दाखवायचं ते बघायला वही सुरुवातीपासून उघडली.

शंकरप्पा कोण? माझं अक्षर आहे. ऑफिसखाली टपरी, आलं ठेचलेला चहा, मला 'टेंभुर्णी' म्हणणारा. मला असा कुणी माणूस आठवत नाही. जरासाही नाही. आणि राजेश्वरी. जुळ्यातली धाकटी, हिनं मला स्कूटी शिकवली असं मीच लिहिलंय.

काकूंना वही वाचून दाखवली. ऐकता ऐकता त्यांनी पदर तोंडात धरला. त्या म्हणाल्या की त्यांना एकच मुलगी, पण पोटावर टाक्यांची खूण आहे आणि डॉक्टर तेव्हा 'दोघी' म्हणाले होते असं त्यांना कधीकधी स्वप्न पडतं.

मला भीती वाटतेय. गावाला जाणं रद्द.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मल्लप्पा काकांच्या घरी गेले. पाचवी वही त्यांच्यासमोर उघडी होती. तीत सगळे आहेत. शंकरप्पा आहे, जन्म 'बेंदराच्या आगेमागे', तारीख नाही. 'धनलक्ष्मी व राजेश्वरी, जुळ्या' आहे. हातानं कागदावर लिहिलेलं गेलं नाही. यंत्रातून गेलं, गल्लीतून गेलं, आमच्या डोक्यातून गेलं. मीच घातलेल्या नियमांनी.

काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांच्याच नावापुढं लिहिलेलं, मथुराबाई, लिंगैक्य. तिलाही जन्मतारीख नव्हती.

"अक्षर माझं हाय," ते म्हणाले. "बायकू म्हणून लिवलंय. मला तिचं तोंड आठवंना, पोरी. मी लगीन केलंवतं का, तेवढं सांग की."

वहीत आहे तर होती, एवढंच म्हटलं. त्यांनी मला काही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दोन्ही नियम काढून टाकले. वहीत बघून शंकरप्पा आणि राजेश्वरी पुन्हा चढवले. बाराच्या तपासणीत दोन्ही नोंदी पास झाल्या. खाली धावत गेले. फरशीवर काळा डाग, बस्स. घरी काकूंना फोन केला, राजेश्वरी आली का? ती वहीतली? नाही गं, कुणीच आलं नाही, म्हणाल्या. नोंद परत येते. माणूस येत नाही.

सरांना वही दाखवली. त्यांनी चार पानं वाचली आणि मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. मग मी नियम काढल्याचं त्यांना दिसलं आणि आवाज चढला. आता नियमांना हात लावायचा अधिकार फक्त त्यांच्याकडं. शुक्रवारी ते शेवटचा नियम लावणार आहेत: आई मुलापेक्षा निदान पंधरा वर्षांनी मोठी हवी. नसेल तर दोघांत जिच्या जन्मतारखेचा पुरावा कच्चा, ती नोंद बाद.

आईचीच तारीख कच्ची असते. आमच्याकडं सगळ्यांच्याच आईची.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अव्वाची नोंद उघडली. चंद्रव्वा. जन्म एक जून १९८८.

माझा जन्म १९९९ चा. अकरा वर्षं.

अव्वा जन्मली तेव्हा उजनीचं पाणी तिच्या माहेरच्या गावात शिरत होतं, म्हणजे सालाचा अंदाज आहेच, ती दहा वर्षं तरी मोठी आहे. पण आधार कार्ड काढायला शाळेत माणसं आली होती तेव्हा त्यातल्या एका मुलानं तिचा चेहरा बघून ८८ टाकलं. अव्वाला केवढं हसू आलं होतं. दहा वर्षांनी तरणी केलं की मला, म्हणून गल्लीभर सांगत सुटली. तेच साल कार्डावरून यंत्रात आलं आणि कुलूपबंद झालं. माझ्याकडं दवाखान्याचा दाखला आहे. तिच्याकडं काही नाही.

शुक्रवारी बाराला अव्वा बाद होईल. आणि मी विसरेन. भाकरी थापताना मला रडू येईल, पण कशाचं ते कळणार नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपासून —

तारीख दुरुस्त करायला आधार केंद्रावर गेले. शाळेचा किंवा जन्माचा दाखला मागितला. ती शाळेत गेलीच नाही, काय देऊ!

माझ्या नोंदीत आईच्या जागी दुसरं नाव टाकून पाहिलं. माझ्या दाखल्याशी जुळत नाही म्हणून परत आलं. ती जागा रिकामी ठेवली. आईचं नाव आवश्यक आहे, असं आलं. ही अट पण फॉर्मला मीच घातलेली.

सर्व्हर इथं नाहीच, कुठल्या तरी दुसऱ्या शहरात आहे. वायर उपटायची म्हटली तरी कुठली उपटू.

सरांच्या पाया पडले. खरंच पडले. म्हटलं, एक हजार नऊशे सहा आया आहेत यादीत, तुमचीही आहे, सर. मी काढून दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले की डेटा चुकीचा असेल तर उद्घाटनानंतर करू की दुरुस्त. मग स्वतःच्या आईला फोन लावून तिची जन्मतारीख विचारली. ती म्हणाली, एक जून. ते हसले.

मल्लप्पा काकांनी वहीतून नंबर काढून दिले. दोघांनी मिळून सत्तावीस घरी फोन केले. काय सांगायचं हो? तुमची आई उद्या नाहीशी होईल? ओटीपी मागणारे भामटे समजून लोकांनी फोन ठेवले. एकानं शिव्या दिल्या.

सातला अव्वाचा फोन. मी नुसतं हं हं करत राहिले. ती म्हणाली, घसा बसलाय व्हय तुझा, हळद घालून दूध पी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी साडेदहा

सरांनी नियम लावला. मेसेज आला. बाराला.

खोलीवरच आहे. काकू आत चार ताटं घासतायत.

एकच गोष्ट उरलीये. मी नसले तर अव्वा कुणाची आई नाही. तुलना करायला मूलच नाही. नियम तिला शिवत नाही. सदस्याला आपली स्वतःची नोंद मागे घेता येते, त्याला पुरावा लागत नाही. मागे घेतलेली नोंद बाराच्याच तपासणीत निघते.

माझं वय सव्वीस आहे. मला सोलापूर आवडलं होतं. मला मरायचं नाहीये, नाहीसं तर त्याहून व्हायचं नाहीये. हे लिहिलं, बरं वाटलं.

अकरा वीस

दाबलं. नक्की का, असं विचारलं. हो म्हटलं.

वही मल्लप्पा काकांकडं द्यायला काकूंना सांगितलंय. ते कुळवहीत माझं नाव ठेवतील. खोडणार नाहीत. अव्वा — कुणीतरी तुला हे वाचून दाखवलं तर —

अकरा अठ्ठेचाळीस

फोन लावला. स्पीकरवर ठेवलाय. एका हातानं लिहितेय.

कामावरून लवकर आलीये. गुडघा. काय खाल्लंस विचारलं. खोटंच सांगितलं, पुरणपोळी. तिला इतका आनंद झाला —

आता शेजारच्या शेळीचं सांगतेय. दोन पिल्लं झाली, एक पांढरं. बोल, अव्वा. बोलत राहा.

दोन मिनिटं आहेत. माझा हात गार पडलाय. बोटं दिसतात पण —

तिनं विचारलं, कधी येतीस. रविवारी, म्हटलं. मटकी भिजत घालते म्हणाली.

बारा.

ती आहे. आवाज आहे. पिल्लाचं नाव काय ठेवावं म्हणतेय. आहे, आहे, अव्वा आहे —

थांबली.

विचारतेय, कोण बोलतंय.

मी म्हटलं, काव्या. कंची काव्या, म्हणाली. तुझी लेक, म्हटलं. ती हळू आवाजात म्हणाली, मला लेकरू न्हाय गं बाई, चुकीचा नंबर लागला आसंल. रडू नगंस. जेवलीस का? तुझ्या अव्वाला लाव फोन, ती वाट बगत आसंल. तुझं गाव कंचं, सांग, मी कुणाला तरी —

मी सांगतेय तिला, पण माझा आवाज तिला — हॅलो हॅलो म्हणतेय — अव्वा, मी हितंच आहे, अव्वा, माझं ना